घशाची खवखव आणि हृदयाची झडप

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकडेवारी असते, ताळेबंद असतो आणि देणगीदारांची नामावली असते. त्यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात यांसारखे मोठे आजार सोडून आम्ही घसादुखीविषयी लिहीत आहोत. घसा दुखणे हे आपल्याकडे दुखणे म्हणून मोजलेच जात नाही. ऋतू पालटला की घसा धरतो आणि चार दिवसांत सुटतो, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. ज्या थोड्या वेळा ती खोटी ठरते, त्यांची किंमत किती मोठी असते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी नववीत शिकणाऱ्या एका मुलीला तिच्या आईने आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणले. शाळेचा जिना चढताना तिला धाप लागत असे आणि रात्री सपाट झोपवत नसे. छातीला नळी लावताच झडपेचा वेगळा आवाज ऐकू आला आणि सोनोग्राफीच्या धर्तीवर होणाऱ्या इकोकार्डिओग्राफीने तो दोष निश्चित केला. मागचे सर्व नीट आठवून पाहण्याची विनंती केल्यावर आई म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी मुलीचा गुडघा सुजला होता, तो उतरल्यावर घोटा सुजला. वाढत्या वयाचे दुखणे म्हणून घरच्यांनी तेल चोळले. त्याच्याही आधी दोन-तीन आठवडे तिला ताप आणि घसादुखी झाली होती. दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या, बरे वाटले, उरलेल्या गोळ्या तशाच फळीवर राहिल्या. त्या माउलीने काहीही हयगय केली नव्हती. चार घरांत जे करतात तेच तिने केले होते.

आजीच्या बटव्यातील उपाय

घसा दुखू लागला की आपल्या घरांत काय होते, हे आम्ही रुग्णांना आवर्जून विचारतो. उत्तरे बहुधा ठरलेली असतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमधाची काडी, तोंडात धरलेली लवंग व खडीसाखर, आल्याचा रस व मध, तुळशीचा किंवा अडुळशाचा काढा. पडजीभ लोंबली आहे असे समजून बोटाने तिला हळद-मीठ लावणारी वडीलधारी मंडळीही अजून भेटतात. मुलाने चिंचा, बोरे किंवा बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून घसा बिघडला, हे निदान तर घरोघरी तयारच असते.

या उपायांना आम्ही हसत नाही. गुळण्यांनी व कोमट पेयांनी घशाला आराम पडतो, मधाने खोकला शमतो आणि विश्रांतीसारखे औषध नाही. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, कारण त्यातून क्वचित का होईना, गंभीर विषबाधा होऊ शकते. बोटाने पडजीभ दाबणे किंवा घसा खरवडणेही टाळावे. त्याने इजा होते, लाभ काहीच होत नाही. चिंच किंवा बर्फ घशाला टोचेल, चुरचुर वाढवील, पण जंतुसंसर्ग निर्माण करणार नाही. तो येतो दुसऱ्या आजारी माणसाच्या खोकल्या-शिंकांतून आणि हातांतून.

घसा का दुखतो?

घसादुखीची बहुसंख्य प्रकरणे विषाणूंमुळे होतात. सोबत नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात. अशा घशावर प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, काडीचाही उपयोग नसतो. तो साधारण आठवड्याभरात आपोआप बरा होतो. वेदना व तापासाठी वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल पुरेसे असते. मुलांना तापात अॅस्पिरिन देऊ नये.

उरलेल्या प्रकरणांत महत्त्वाचा जंतू म्हणजे 'अ' गटातील स्ट्रेप्टोकोकस. पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांत तो विशेष आढळतो. मुलांच्या घसादुखीपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा या जंतूमुळे असतो, प्रौढांत हे प्रमाण बरेच कमी असते. याची काही लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. घसा एकाएकी दुखू लागतो, ताप चढतो, गिळताना तीव्र वेदना होतात, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरट ठिपके दिसतात आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात. सर्दी आणि खोकला मात्र सहसा नसतो. केवळ पाहून खात्री देता येत नाही, म्हणून घशाला कापसाचा बोळा लावून तपासणी करतात. जंतूंची वाढ करून पाहण्याच्या या तपासणीचा निष्कर्ष एक-दोन दिवसांत हाती येतो.

घशातून हृदयाकडे

या जंतूचा खरा धोका घशात नाही. शरीर त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिद्रव्ये तयार करते. जंतूच्या अंगावरील काही घटक आपल्या हृदयाच्या, सांध्यांच्या व मेंदूच्या ऊतींतील घटकांशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे काही मुलांत प्रतिकारशक्तीची गफलत होते आणि शत्रूवर उगारलेले शस्त्र आपल्याच घरावर पडते. घसा बरा झाल्यानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे एकामागून एक सुजतात. काही मुलांचे हातपाय अनावर हलू लागतात, हातातील पेन निसटते, अक्षर बिघडते आणि बिचाऱ्या मुलाला शाळेत बोलणी खावी लागतात. यालाच ऱ्हुमॅटिक फीव्हर किंवा संधिवाताचा ताप म्हणतात. सांध्यांची सूज काही दिवसांत खूण न ठेवता उतरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहून जाते, आणि दर नव्या घसादुखीगणिक ती वाढू शकते.

झडप आकसली की हृदयाला रक्त पुढे ढकलणे कठीण होते. नीट मिटत नसेल तर रक्त उलटे फिरते. अनेकींचा हा दोष प्रथम उघडकीस येतो तो गरोदरपणात, कारण त्या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते आणि अरुंद झडपेला तो भार पेलवत नाही. माहेरी पहिल्या बाळंतपणासाठी आलेली मुलगी धाप लागून रुग्णालयात दाखल होते, तेव्हा तिच्या बालपणीच्या घसादुखीचा हिशेब पुढे आलेला असतो.

ज्यांचा घसा या जंतूने दुखतो, त्यांच्यापैकी अगदी थोड्यांनाच हा ताप होतो. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु हा आजार प्रामुख्याने दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब कुटुंबांतील मुलांना गाठतो. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, तिथे एका घशातून दुसऱ्या घशात जाण्यास जंतूला वेळ लागत नाही. युरोप-अमेरिकेत घरे सुधारली तसा हा आजार ओसरू लागला आणि पेनिसिलिनने त्याला आणखी मागे रेटले. आपल्याकडे तो अजून आहे. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने या आजाराविरुद्ध ठराव संमत केला, त्यामागे हेच वास्तव होते.

दोन उलट्या चुका

घशाच्या उपचारात आपल्याकडे दोन चुका एकाच वेळी घडतात. ज्याला प्रतिजैविकाची गरज नाही त्याला ते मिळते. ज्याला गरज आहे त्याला ते पुरते मिळत नाही.

पहिल्या चुकीला आपण सारेच जबाबदार आहोत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, तर तपासणीचे पैसे वाया गेले असे रुग्णाला वाटते. डॉक्टरांनाही समजावून सांगण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे सोपे जाते. अशा अनावश्यक वापरामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. औषधांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये त्यासाठीच मोहीम हाती घेतली होती.

दुसरी चूक अधिक करुण आहे, कारण इथे औषध स्वस्त आणि खात्रीचे आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे औषध देशातच तयार होऊ लागले. इतक्या वर्षांच्या वापरानंतरही 'अ' गटातील स्ट्रेप्टोकोकस पेनिसिलिनपुढे टिकत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य उपचार सुरू झाला, तर संधिवाताचा ताप टाळता येतो. तोंडाने पेनिसिलिन घ्यायचे तर पूर्ण दहा दिवस घ्यावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते आणि तिथेच औषध सुटते, ही खरी अडचण आहे. ज्यांना दहा दिवस पाळणे जमणार नाही, त्यांच्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे.

एकवीस दिवसांची वारी

ज्या मुलाला एकदा हा ताप होऊन गेला, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत राहावे लागते. हृदयाला धक्का पोहोचलेला नसेल तर किमान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे दीर्घ असेल ते. झडपेवर परिणाम झाला असेल तर त्याहून अधिक काळ आणि काहींना जन्मभर.

हे इंजेक्शन दुखते, आणि ज्याला तूर्त काहीच त्रास नाही अशा मुलाला ते वर्षानुवर्षे का टोचायचे, हे पालकांच्या मनाला पटणे अवघड असते. त्यातच पेनिसिलिनच्या तीव्र प्रतिक्रियेची भीती असते. अशी प्रतिक्रिया क्वचितच होते, तरीही या भीतीपोटी काही ठिकाणी इंजेक्शन देण्यास नकार मिळतो, कधी औषधाचाच तुटवडा असतो. ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या काळात मुलांच्या वाऱ्या चुकतात. सुरुवातीच्या काळात अशा न येणाऱ्या रुग्णांना आम्ही 'बेजबाबदार' समजत असू, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो. चूक आमची होती. वारी त्यांना जमेल तिथे व्हायला हवी होती. आता प्रत्येक मुलाला इंजेक्शनची वही दिली जाते. निदान, औषधाची मात्रा आणि मागील तारखा त्यात लिहिलेल्या असतात, जेणेकरून मुक्कामाच्या गावातील आरोग्य केंद्रातही ते घेता यावे. तारीख टळली की आमच्या परिचारिका दूरध्वनी करतात.

लेखारंभी उल्लेखिलेल्या मुलीची वही आज जाड झाली आहे. मांडीतील शिरेतून नळी नेऊन, फुगा फुगवून तिची आकसलेली झडप रुंद करण्यात आली. छाती उघडावी लागली नाही. प्रत्येकाचे दैव इतके अनुकूल नसते. काहींची झडप बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि स्वदेशी झडपेची सोय झाली. तरी कृत्रिम धातूच्या झडपेनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि वेळोवेळी रक्ततपासणी आयुष्यभर चुकत नाही.

त्वरित दाखवावे असे घसे

लाळ गिळता न येणे, श्वास घेताना घरघर, तोंड उघडता न येणे किंवा मानेला सूज, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. घशात करड्या रंगाचा चिकट पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी. हा आजार लसीने टळतो. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस, त्यानंतर दीड ते दोन आणि पाच ते सहा वर्षांचे बूस्टर, तसेच दहा व सोळा वर्षांची टीडी लस चुकवू नये. प्रौढांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः तंबाखू, मिश्री वा गुटख्याची सवय असेल, तर काढ्यांवर दिवस न काढता घसा तपासून घ्यावा.

आपला वाटा

झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजना आहेत. शालेय आरोग्य तपासणीत हृदयदोष शोधण्याची तरतूद असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी असतात. रुग्णांच्या नातेवाइकांनी याबाबत आमच्या समाजसेवा विभागाकडे निःसंकोच चौकशी करावी.

देणगीदारांस आमची विनंती वेगळी आहे. शस्त्रक्रियेसाठी मदत करणे सर्वांना भावते, कारण एक जीव वाचलेला डोळ्यांना दिसतो. घशाची तपासणी, पेनिसिलिनची एक कुपी, एसटीचे भाडे, परिचारिकेचा एक दूरध्वनी यांतून जे वाचते ते कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. जी मुलगी कधी आजारीच पडली नाही, तिचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. तरीही आपल्या देणगीचे सर्वाधिक मोल तिच्यापाशीच झालेले असते, असा आमचा अनुभव आहे. घरातील मुलाचा घसा पुढच्या वेळी दुखेल, तेव्हा गुळण्या जरूर कराव्यात. सोबत ताप असेल आणि खोकला नसेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवावे आणि सुरू केलेले औषध पूर्ण करावे, एवढीच सर्वांना नम्र विनंती.