पंचाहत्तर टक्क्यांची वेस

मुंबईच्या फोर्ट भागातल्या दगडी इमारतींची झीज मोजायची, तर पावसाच्या मिलिमीटरआधी एक आकडा हाताशी हवा: ७५ टक्के. सापेक्ष आर्द्रता याच्या वर गेली की समुद्रावरून आलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. खाली उतरली की पुन्हा त्याचे स्फटिक धरतात. हे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात, आतून रेटतात आणि पोपडे सुटतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात, तो हा. कोरीव कामात वापरलेला पोरबंदरचा सच्छिद्र चुनखडक त्याला लवकर बळी पडतो.

जुलैत हवा बहुतेक वेळ ७५च्या वरच असते. मीठ विरघळलेलंच राहतं, थोडं धुऊनही जातं. खरी झीज पाऊस ओसरल्यावर.

ऑक्टोबरातली एक दुपार धरू. हवा ३२ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्के. म्हणजे बाष्पदाब सुमारे २.८५ किलोपास्कल. पश्चिमेची भिंत उन्हानं ४५ अंशांवर तापली, तर तिथला संपृक्त दाब ९.६. दगडालगत आर्द्रता उरली जेमतेम ३० टक्के. पहाटे तोच दगड २४ अंशांवर आला आणि बाष्प तेवढंच राहिलं, तर ती ९५ टक्के होते. हवेतलं पाणी तसूभरही बदललं नाही, तरी मिठानं वेस दोनदा ओलांडली. या दोन टोकांची सरासरी ६२.५. सरासरीवर चालणारं गणित विरघळण्या-गोठण्याचे महिन्याला शून्य फेरे दाखवेल. तासातासाची नोंद तीसपर्यंत दाखवू शकते.

म्हणूनच १९५०च्या दशकातली, हवामान स्थिर धरून भिंतीतल्या ओलाव्याचा हिशेब मांडणारी ग्लासर पद्धत इथे अपुरी पडते. हार्टविग क्युन्झेल यांनी १९९४मध्ये मांडलेलं उष्णता आणि ओलाव्याचं एकत्रित गणित ऊन, पाऊस, वारा तासागणिक घेतं. त्यातही क्षारांचा हिशेब वेगळा जोडावा लागतो. शिवाय ७५ ही वेस शुद्ध मिठाची. मॅग्नेशियम नायट्रेटची ५३च्या आसपास आहे आणि मिश्रणात ती आणखी खाली सरकते. तेव्हा आधी दगडाचा नमुना तपासावा, संगणक मागाहून.

दुरुस्तीत मात्र या गणिताला अनेकदा विचारलंच जात नाही. चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंट भरलं की सांध्यातून सुकणारी ओल दगडातून वाट काढते. चुन्याची दरज दर काही वर्षांनी पुन्हा भरता येते. पण सिमेंट भरलं की लोणा त्या दरजेत न धरता कोरलेल्या पानाफुलांवर धरतो.