पाडलं कमी, वापरलं जास्त

स्पेनची सहल म्हटली की आपल्याकडचे बहुतेक लोक बार्सिलोना आणि माद्रिदलाच दिवस देतात आणि दक्षिण धावतपळत उरकतात. माझं मत विचाराल तर ही वाटणी उलटी हवी. स्पेनचा इतिहास पाहायचा तर आंदालुसियात, त्यातही कोर्दोबात पाहावा.

तिथल्या मेस्कितेचं, म्हणजे जुन्या मशिदीचं बांधकाम आठव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्या अब्द-अल-रहमान या मुस्लिम अमीरानं सुरू केलं. खांब बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधून आणलेले, त्यामुळे एकाचा रंग दुसऱ्याला जुळत नाही. त्यात ते ठेंगणे. छत उंच न्यायचं म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवली. लाल वीट, फिकट दगड, पुन्हा वीट. आजही असे साडेआठशेच्या वर खांब उभे आहेत. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण इमारत तशीच राहिली. खरी तोडफोड 1523 मध्ये झाली. बिशपनं मधोमध कॅथेड्रल बांधायला घेतलं तेव्हा विरोधाला उभी राहिली ती खुद्द ख्रिस्ती नगरपरिषद! पाडकामाला हात लावणाऱ्याला देहदंड, असं फर्मानही तिनं काढलं. सम्राट पाचव्या चार्ल्सनं कौल बिशपला दिला. खांबांच्या गर्दीतून चालताना अचानक डोक्यावर उंच, पांढरं छत येतं, तिथे हा वाद आजही दिसतो.

सेवियात प्रकार वेगळा. 1364 च्या सुमाराला पेद्रो राजानं आल्काझार या राजवाड्यात महाल बांधला तो मुस्लिम कारागिरांकडून, आणि ख्रिस्ती राजाच्या भिंतींवर अरबी लेख कोरले गेले. शेजारचा हिराल्दा मनोरा मुळात मिनार. वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी चढणीच्या वाटा आहेत, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनीही हिंमत करायला हरकत नाही.

वापर ग्रंथांचाही झाला: माद्रिदजवळच्या तोलेदोत बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. पुढे 1251 च्या सुमाराला आपल्या पंचतंत्राचा अरबी अवतार स्पॅनिशमध्ये उतरला.

स्पेनमधले गाईड मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू हे तीन धर्म गुण्यागोविंदानं नांदल्याचं सांगतात. ते अर्धसत्य आहे. 2 जानेवारी 1492 ला ग्रानादा हे शेवटचं मुस्लिम राज्य पडलं आणि त्याच वर्षी 31 मार्चला, त्याच ग्रानादात, ज्यूंच्या हकालपट्टीच्या फर्मानावर सह्या झाल्या.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबा, सेवियात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठा. आणि ग्रानादाच्या आलाम्ब्रा या किल्ल्याचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. आतल्या नासरी महालात शिरायची वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली तर महाल बाहेरूनच पाहावा लागतो.