घराचा धनी, की घराची सावली?

रविवारी सकाळी शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी क्षणभर उभे राहावे. हातगाड्या लागत असतात, दुकानांची शटर्स अर्धी वर गेलेली असतात. त्या गडबडीतून एखादे ख्रिस्ती कुटुंब छावणीकडे, प्रार्थनेला निघालेले दिसते. स्कूटरवर पुढे धाकटा उभा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर लेक. पर्समधून काळ्या वेष्टनाचे बायबल डोकावते आहे. खड्डा आला की नवऱ्याचा एक हात नकळत पोराच्या छातीवर जातो. घराचा राखणदार म्हणतात तो हाच, असे पाहणाऱ्याला वाटते.

पण संसारातले खड्डे इतके सरळ दिसत नाहीत. तिथे राखण करायची म्हणजे नेमके काय करायचे?

ख्रिस्ती घरांत या प्रश्नाचे उत्तर इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शोधले जाते. पती पत्नीचे मस्तक आहे, हे तिथले सांगणे पुरुषांना बहुधा तोंडपाठ असते. त्याच अध्यायातली पुढची अट मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. ख्रिस्ताने जसे मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकले, तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, अशी ती अट आहे. गंमत पाहा, मराठी बायबलमध्ये चर्चला 'मंडळी' म्हणतात, आणि आपल्या जुन्या पिढीतला गृहस्थ बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करी! मान हवा असेल तर आधी स्वतः झिजा, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात किती अवघड असतो, हे पाहायचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसाराकडे वळावे लागते. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई जुन्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याच्या एका निर्णयाने त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना नातलगांच्या आधाराने दिवस काढावे लागले. त्या काळात त्यांना सावरले ते माहेरच्या माणसांनी. राखणदार या नात्याने टिळक इथे कमी पडले, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित व्यक्तीला एक वाट मोकळी ठेवली होती. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोबत नाकारली, तर न्यायालयात जाऊन ठरावीक मुदतीनंतर विवाह मोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तरी आपले आचारविचार सांभाळून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी वाट पाहिली. अखेर १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, जातिभेद खोटा आहे हे स्वतःला पटल्यावर. बायकोच्या विवेकाला धक्का न लावणे, हेही एक संरक्षणच नव्हे काय?

संसारात टिळक जन्मभर हाताचे सढळ राहिले. मिळकत दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे, दुष्काळातली अनाथ मुले घरी आणायची. त्या सगळ्यांच्या पोटाची काळजी लक्ष्मीबाईंनी वाहायची. १९१७ साली तर ते मिशनच्या पगारावर पाणी सोडून संन्यस्त झाले. घर कोणी राखले, असे विचारले तर उत्तर सरळ आहे. पण ज्या बाईला लग्नात धड लिहितावाचता येत नव्हते, तिला टिळकांनी अक्षराची आणि कवितेची गोडी लावली. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' मराठीला दिली. नवऱ्याच्या मागे उभे राहायचे बळ तिच्या अंगी होते, आणि त्यात त्याचाही थोडा वाटा होता.

आता कायद्याचे पाहा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसता मार खाणाऱ्या बाईला सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर सर्वच धर्मांच्या स्त्रियांना आधार दिला. ज्याने राखायचे त्याच्यापासूनच राखण्याची वेळ येते, हे कायद्याने ओळखले. घराघरांनीही ओळखायला हवे.

म्हणून राखणदाराने स्वतःला तीन साधे प्रश्न विचारावेत. माझ्या पावलांचा आवाज आला की घर गप्प होते, की बोलते होते? पैशांचा हिशेब बायकोला ठाऊक आहे का? आणि उद्या मी नसलो, तर ती उभी राहू शकेल का?

तिकडे मनोऱ्यापाशी स्कूटर पुन्हा थांबलेली असते. परतीच्या वाटेवर हँडल आता बायकोच्या हाती आहे. नवरा मागे बसला आहे, आणि लेक त्याच्या मांडीवर गाढ झोपली आहे.