पुरोगामी नभोवाणीचा बाजारभाव

विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन हे अमेरिकेतील विद्यापीठाचे आणि उदारमतवादी म्हणून ख्यातकीर्त असे शहर. श्रोत्यांचे दूरध्वनी घेत राजकारणावर तासन्‌तास चर्चा करणारे पुरोगामी नभोवाणी केंद्र कोठे तग धरील तर ते येथेच, असे कोणालाही वाटावे. २००४ साली तेथे ९२.१ एफएमवर असे केंद्र सुरूही झाले. परंतु नोव्हेंबर २००६ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे जिंकली त्याच सुमारास, मालक असलेल्या क्लिअर चॅनेल कंपनीने ते बंद करून त्या जागी क्रीडाविषयक कार्यक्रम लावण्याचे जाहीर केले. श्रोते खवळले. पाच हजारांवर सह्या जमल्या, सभा झाली आणि डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

अर्थात हा विजय म्हणजे केवळ मुदतवाढ होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच केंद्रावर एकाएकी नाताळची गाणी वाजू लागली आणि चर्चा संपली.

आकाशवाणीवर वाढलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत मात्र नभोवाणी हा मुख्यतः खासगी व्यापार आहे. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू ऐकविण्याचे बंधन तेथे १९४९ पासून होते. ते १९८७ मध्ये उठले आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा उजव्या विचारांचा कार्यक्रम देशभर पसरू लागला. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादाही काढून टाकली. क्लिअर चॅनेलकडे पुढे हजारांहून अधिक केंद्रे आली. मॅडिसनमध्ये लिंबॉ यांना ऐकविणारे केंद्रही तिचेच होते! तेव्हा अशा निर्णयांमागे निव्वळ वैचारिक द्वेष शोधणे भोळेपणाचे ठरेल. ज्या मालकाच्या दुकानात दोन्ही माल आहेत, तो कोणत्या फळीवर किती नफा पडतो एवढेच पाहतो. क्रीडाविषयक गप्पांनी कोणी जाहिरातदार बिचकत नाही; राजकारणाने बिचकतो. पोर्टलंड येथील ६२० एएमवरील पुरोगामी केंद्र २०१२ साली बराक ओबामा पुन्हा निवडून आले त्याच आठवड्यात क्रीडेकडे वळविले गेले. जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलच्या केंद्राची गतही तीच झाली. मतपेटीतील बहुमत जाहिरातीच्या वहीत जमा होत नाही.

पुरोगाम्यांच्या पदरातही काही माप घालावे लागेल. ३१ मार्च २००४ रोजी मोठ्या गाजावाजाने सुरू झालेल्या ‘एअर अमेरिका’ने अ‍ॅल फ्रँकन यांच्यासारखी नावे पुढे केली, पण पैशाची बाजू प्रारंभापासूनच लंगडी राहिली. दोन आठवड्यांतच देयकांच्या वादातून शिकागो व लॉस एंजेलिस येथील प्रक्षेपण थांबले, ऑक्टोबर २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि जानेवारी २०१० मध्ये सारे आटोपले. शिवाय न्यूयॉर्कहून येणाऱ्या तयार चर्चेत गावच्या शाळामंडळाचा अथवा बसभाड्याचा प्रश्न कोठून यावा? राष्ट्राध्यक्षांवरील तीच टीका दिवसभर ऐकण्यासाठी स्थानिक केंद्राची गरजच काय, हा प्रश्न त्या चळवळीने स्वतःला फारसा विचारला नाही. सुशिक्षित उदारमतवादी श्रोत्याला सार्वजनिक नभोवाणीचा पर्याय तर आधीपासूनच होता.

याच मॅडिसनमध्ये ८९.९ एफएमवर ‘डब्ल्यूओआरटी’ हे केंद्र डिसेंबर १९७५ पासून चालू आहे. ते श्रोत्यांच्या देणग्यांवर आणि मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते. दिवसभर राजकारण नव्हे, संगीतच तेथे अधिक; बिगरव्यापारी परवान्यामुळे एखाद्या उमेदवाराचा प्रचारही त्याला करता येत नाही. देणगीसाठी श्रोत्यांपुढे वारंवार हात पसरावा लागतो, आणि हे कंटाळवाणे काम अर्धशतक कोणी ना कोणी करीत आले आहे. २००६ साली सह्या करणाऱ्यांनी परक्याच्या मालकीचे केंद्र दहा वर्षे वाचविले. परवाना मात्र कंपनीकडेच राहिला.