झोकांड्या खाणारे मूल आणि एका जनुकाचा शोध

घरातले मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा साऱ्या घराला आनंद होतो. सुरुवातीला ते धडपडते, पडते, पुन्हा उठते आणि दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत त्याची चाल स्थिर होते. परंतु एखाद्या घरी उलटेच घडते. वर्षाचे असताना वेळेवर चालू लागलेले मूल तीन-चार वर्षांचे झाले तरी झोकांड्या खाते. वय वाढते तसा त्याचा तोल सुधारण्याऐवजी अधिकच बिघडतो. बोलणे जड होते, तोंडातून लाळ गळते. सर्दी, कान फुटणे, खोकला, न्यूमोनिया यांचे सत्र संपत नाही. शाळेत जायच्या सुमारास डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल रेषांचे जाळे दिसू लागते. डोळे आले असे समजून आई थेंब घालते, पण लाली काही जात नाही.

अशा मुलाची कोणी दृष्ट काढतात, कोणी त्याला मंदबुद्धी ठरवतात. पुष्कळदा त्याच्या कागदांवर ‘सेरेब्रल पाल्सी’ असे निदान लिहिलेले असते. वास्तविक या मुलाची बुद्धी बहुधा चांगली असते. त्याला असतो तो एक आनुवंशिक रोग. त्याचे नाव अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे तोल न सांभाळता येणे आणि टेलँजिएक्टेशिया म्हणजे बारीक रक्तवाहिन्या रुंदावून दिसू लागणे. नाव लांबलचक असल्याने डॉक्टर त्याला नुसते ‘ए.टी.’ म्हणतात. सर्वसाधारणपणे चाळीस हजार ते एक लाख जन्मांमागे एका मुलाला हा रोग होतो.

वाचक विचारतील, इतक्या दुर्मिळ रोगावर आमचा रविवार का खर्ची घालता? कारण असे की, या रोगाच्या अभ्यासातून कर्करोग आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते उलगडले. शिवाय तो वेळीच ओळखला तर एका मुलाचा जीव धोक्यात जाण्यापासून वाचू शकतो.

तीन दुखणी, एकच मूळ

१९२६ साली दोन झेक डॉक्टरांनी आणि १९४१ साली बेल्जियमच्या डेनिस लुई-बार यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पुढे १९५७-५८ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे एलेना बोडर आणि रॉबर्ट सेजविक या डॉक्टरांनी या रोगाला नाव दिले. फुप्फुसांचे वारंवार होणारे विकार हा याच रोगाचा भाग आहे, असे त्यांनी दाखवले. शवविच्छेदनात एका रुग्णाच्या छातीत थायमस ही ग्रंथीच आढळली नाही. रोगजंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी याच ग्रंथीत तरबेज होतात. त्यामुळे या मुलांना जंतुसंसर्ग वारंवार का होतो याचा उलगडा होऊ लागला.

नंतर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दर चार रुग्णांपैकी सुमारे एकाला कर्करोग होतो, आणि तो बहुधा रक्ताचा किंवा लसिका ग्रंथींचा असतो. लहान मेंदूची झीज, दुबळी प्रतिकारशक्ती आणि कर्करोग अशी तीन निरनिराळी दुखणी एकाच मुलाला का व्हावीत, हे कोडे होते.

हे कोडे सोडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांत इस्राएलचे डॉ. योसेफ शिलो यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते संशोधक विद्यार्थी होते. त्यांचे मार्गदर्शक मायमन कोहेन यांनी त्यांना दक्षिण इस्राएलमधील एका कुटुंबाकडे नेले. त्या घरात ए.टी.ची मुले होती. ती पाहिल्यावर शिलो यांनी हाच रोग आपल्या अभ्यासाचा विषय ठरवला आणि पुढे जवळजवळ दीड तप ते सदोष जनुकाच्या मागावर राहिले. १९८८ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड गॅटी आणि सहकाऱ्यांनी हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे शोधून काढले. या रोगामागे चार निरनिराळी जनुके असावीत, असा त्या वेळी समज होता. अखेर जून १९९५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील शिलो यांच्या चमूने, अनेक देशांतील सहकाऱ्यांसह, ते जनुक हाती लागल्याचे जाहीर केले. जनुक चार नव्हती, एकच होते. त्याला ‘ए.टी.एम.’ असे नाव मिळाले. पैसे काढायच्या यंत्राशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही!

रुळाचा गँगमन

हे जनुक काय करते? रेल्वेचे उदाहरण घेऊ. रूळ तुटला आहे हे पाहताच गँगमन लाल निशाण दाखवून गाडी थांबवतो आणि दुरुस्तीची माणसे बोलावतो. आपल्या पेशीतील डी.एन.ए. हाही दोन रुळांसारख्या दोन धाग्यांचा असतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की ए.टी.एम. जनुकाने बनवलेले प्रथिन जागे होते, पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्ती सुरू करून देते. ए.टी.च्या मुलाकडे हा गँगमनच नसतो. तुटलेल्या रुळावरून गाडी पुढे जाते.

आता गंमत अशी की, आपल्या पांढऱ्या पेशी स्वतःच आपला डी.एन.ए. मुद्दाम तोडतात आणि वेगळ्या क्रमाने जोडतात. नाना प्रकारच्या जंतूंना ओळखण्याची हत्यारे त्यांना तशीच बनवता येतात. तुटलेली टोके नीट जुळली नाहीत तर हत्यारे कमी पडतात आणि मूल सारखे आजारी पडते. टोके भलत्याच ठिकाणी जुळली तर ती पेशी बेबंद वाढू लागते. तोच कर्करोग. दुबळी प्रतिकारशक्ती आणि कर्करोग ही एकाच बिघाडाची दोन फळे आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

क्ष-किरणांचा धोका

डी.एन.ए. तोडणारी आणखी एक शक्ती म्हणजे किरणोत्सर्ग. १९६७-६८ च्या सुमारास कर्करोग झालेल्या ए.टी.च्या मुलांना नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिले गेले, तेव्हा त्यांच्या शरीराची भयंकर होरपळ झाल्याचे प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी या रुग्णांच्या पेशीच किरणांना हळव्या असतात असे सिद्ध केले. म्हणून अशा मुलाला गाठ झाली तर किरणोपचार टाळावे लागतात आणि कर्करोगाची औषधेही जपून द्यावी लागतात. आधी निदान झालेले नसेल तर उपचारच घातक ठरतो. विनाकारण एक्स-रे आणि सी.टी. स्कॅन करणेही टाळावे. मेंदू पाहायचा तर एम.आर.आय. करावा, त्यात हे किरण नसतात.

रक्तगट नव्हे, नाते पाहा

ए.टी. होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. त्यांना वाहक म्हणतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निघण्याची शक्यता चारांत एक असते.

आमच्या दवाखान्यात लग्न जमवताना रक्तगट तपासायला पुष्कळ मंडळी येतात. नवराबायकोचा रक्तगट एकच असला की मुले सदोष होतात, हा समज निराधार आहे. (आर.एच. निगेटिव्ह स्त्रीने मात्र गरोदरपणी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यावर इंजेक्शन आहे.) पण मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना घराण्यात एखादे मूल असे आजारी होते का, हे कोणी विचारत नाही. सर्वसामान्य लोकांत ए.टी.चा वाहक शंभरात फार तर एखादा असतो. मुलगा वाहक असेल, तर त्याच्या मामेबहिणीकडेही तेच जनुक असण्याची शक्यता आठांत एक इतकी मोठी होते. अशा लग्नातून रोगी मूल होतेच असे मुळीच नाही. बहुतेकांची मुले सुदृढ असतात. परंतु घराण्यात असे मूल होऊन गेले असेल, तर लग्नापूर्वी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

वाहक स्त्रियांना स्तनांच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. ए.टी.च्या मुलाच्या आईने, मावशीने आणि आत्याने घाबरून न जाता तपासणी कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

काय करावे?

मूल तीन वर्षांचे झाल्यावरही झोकांड्या खात असेल आणि वारंवार छातीच्या विकाराने आजारी पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अल्फा फीटोप्रोटीन ही रक्ताची साधी तपासणी येथे मोठी उपयोगी पडते. ए.टी.च्या जवळजवळ सर्व मुलांत तिचे प्रमाण वाढलेले असते. तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असल्याने ही तपासणी दोन वर्षांनंतरच भरवशाची. निदानावर शिक्कामोर्तब जनुकाच्या तपासणीने होते. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांचे काम मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत चालते. आपले डॉक्टर तेथे चिठ्ठी देऊ शकतील.

रोग मुळातून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेक मुलांना दहाव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची लागते. तरीही जंतुसंसर्गावर वेळेवर प्रतिजैविके, गरज पडल्यास इम्युनोग्लोबुलिनची इंजेक्शने, व्यायामोपचार आणि गिळण्याकडे लक्ष यांनी पुष्कळ त्रास वाचतो. घराण्यातील दोष एकदा नक्की कळला की पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणीही करता येते.

अशा मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘ए.टी. – किरणोपचार नको’ असे लिहून ठेवावे. नवीन डॉक्टरांकडे जाताना आधी ते पान दाखवावे. आणि त्याला शाळेत जरूर घालावे. हात थरथरतो म्हणून अक्षर वेडेवाकडे येईल, पण शिकवलेले त्याला इतर मुलांसारखेच समजते.