मुलांचा अभ्यास आणि आपले घर

आपल्या समाजातील चार माणसे एकत्र जमली आणि बोलणे मुलाबाळांवर आले, की एक तक्रार हटकून ऐकू येते : “मुलगा हुशार आहे हो, पण घरी अभ्यासाला बसतच नाही.” ही तक्रार करणारे आईबाप मुलाच्या हिताचीच काळजी वाहत असतात, यात शंका नाही. परंतु ‘अभ्यासाला बसणे’ याचा त्यांच्या मनातला अर्थ पाहू गेल्यास तो बहुधा वही, पुस्तक, पाढे आणि समोर बसलेले करड्या चेहऱ्याचे वडील माणूस, एवढाच निघतो. शाळेत पाच तास जे झाले तेच घरी आणखी दोन तास! सहा ते दहा वर्षांच्या मुलाने याला कंटाळावे, यात त्याचा काय दोष?

प्रस्तुत लेखकाने प्राथमिक शाळेत शिकविण्यात बरीच वर्षे घालविली आहेत. तरीही ही चूक त्याच्या हातून झाल्यावाचून राहिली नाही. माझी नात तिसरीत होती. पंधरापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणे, आणि मला त्याचा अभिमान वाटे. एकदा तिला बरोबर घेऊन भाजी आणायला गेलो. भेंडी साठ रुपये किलो. आम्ही अर्धा किलो घेतली आणि शंभराची नोट दिली. “परत किती मिळायला हवेत, सांग बरे,” असे मी विचारताच ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “आजोबा, हे गुणाकाराचे आहे की वजाबाकीचे?” मी तिथेच तिला रागावलो. भाजीवाल्या बाईने तोवर सत्तर रुपये मोजून हातावर ठेवलेही होते. घरी परतताना माझ्या ध्यानात आले, की दोष नातीचा नव्हता. पाढे मी पाठ करवून घेतले होते. ते कशासाठी असतात, हे मात्र कधी दाखविले नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या घरी जे थोडेफार प्रयोग केले, ते पालकबंधुभगिनींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. यांत नवे काही नाही, खर्चाचे तर मुळीच नाही.

या नगरीचा वारसा

बडोद्याच्या माणसाला शिक्षणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. उशिरा शिकावयास लागलेल्या या राजाने मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चारही भाषांचा अभ्यास केला. केवळ शाळा काढून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांची योजना उभी केली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरविल्या. शाळेत शिकलेले अक्षर घरी गेले पाहिजे, नाही तर ते विसरले जाते, हेच त्या योजनेमागचे मर्म होय.

दुसरे स्मरण ताराबाई मोडक यांचे. या मराठी बाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे १९४५ साली गुजरातच्या सीमेलगत बोर्डी येथे, नंतर कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने खेड्यातील व आदिवासींच्या मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. विलायती पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काटक्या हीच त्यांची साधने झाली. जे रानातल्या झोपडीत जमले ते आपल्या बिऱ्हाडात का जमू नये?

गणित स्वयंपाकघरात

एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर अडीच वाट्यांना किती? चार माणसांच्या पोळ्यांना दोन वाट्या कणीक लागते, आज पाहुणे धरून सहा जण आहेत, मग किती घ्यावी? असे प्रश्न आईने सहज, काम करता करता विचारावेत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे जुने पाढे आता शाळेतून गेले; परंतु सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे शब्द स्वयंपाकघरात अजून जिवंत आहेत. मुलाने मापाची वाटी स्वतः भरली, की अपूर्णांक त्याच्या हाताला कळतो. पुढे पाचवीत तोच फळ्यावर दिसला, तर तो त्याला परका वाटत नाही.

दारातली रांगोळी हाही गणिताचा उत्तम धडा आहे. पाच ओळींत पाच-पाच ठिपके दिले तर पंचवीस होतात. आता एक, दोन, तीन, चार, पाच आणि पुन्हा चार, तीन, दोन, एक असे ठिपके द्या व मुलाला मोजू द्या. तेही पंचवीसच! असे का, हे त्याला लगेच सांगू नये. दोन दिवस विचार करू द्यावा. पहिला चौकोन कोपऱ्यावर उभा केला की दुसरा होतो, हे ज्या मुलाला स्वतः सुचेल त्याचा आनंद पाहण्यासारखा असतो.

प्रवासाला निघताना रेल्वेचे वेळापत्रक मुलाच्या हाती द्यावे. बडोदा ते मुंबई सेंट्रल हे अंतर ३९२ किलोमीटर आहे. आपली गाडी किती वाजता सुटते, किती वाजता पोचते, मग तासाला सरासरी किती चालली? पुस्तकातील गाडीपेक्षा आपण बसलेल्या गाडीचे गणित मुलाला केव्हाही गोड लागते.

विज्ञान : वाटी आणि काठी

मटकीचे दाणे चार वाट्यांत ठेवावेत. पहिली कोरडी, दुसरीत ओला कापूस आणि उजेड, तिसरीत ओला कापूस, पण कपाटाच्या अंधारात, चौथीत दाणे पूर्ण बुडतील इतके पाणी. आठवडाभर रोज काय दिसले ते मुलाने वहीत लिहावे व चित्र काढावे. कोरडी मटकी तशीच राहते. अंधारातलीही उगवते, पण तिची रोपे फिकट व लांबुळकी होतात. बुडालेली बहुधा कुजते, कारण बीजालाही हवा लागते. हे वाक्य मुलाने पाठ करण्याची गरज उरत नाही.

दुसरा प्रयोग सावलीचा. अंगणात किंवा गच्चीवर एक सरळ काठी उभी करून तिच्या सावलीचे टोक दर पंधरा मिनिटांनी खडूने टिपावे. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल अशी मुलाची समजूत असते. बडोद्यात ती साडेबाराच्या पुढेमागे, बहुतेक दिवशी साडेबारा उलटून गेल्यावर पडते. कारण आपले घड्याळ ज्या रेखांशावरून लावलेले आहे, तो आपल्या पूर्वेस बराच दूर आहे. आणखी एक गंमत अशी, की आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो : जूनच्या आरंभी, ३ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या ९ तारखेच्या सुमारास. त्या वेळी क्षणभर काठीची सावली नाहीशीच होते. जुलैत ढग असतात. जूनच्या आरंभी मात्र आकाश बहुधा मोकळे असते. भर उन्हाचा प्रयोग आहे, तेव्हा डोक्यावर टोपी आणि सूर्याकडे न पाहणे, हे दोन नियम आधी सांगावेत.

इतिहास-भूगोल दारापासून सुरू होतात

भूगोलाचा आरंभ जगाच्या नकाशाने न करता आपल्या खोलीच्या नकाशाने करावा. मग घर, मग गल्ली, मग शहर. बडोद्याचे जुने गाव याला फार सोयीचे आहे. मध्यभागी मांडवी, पूर्वेस पाणीगेट, पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेस गेंडीगेट. एका रविवारी मांडवीपाशी उभे राहून चारी दिशा दाखविल्या, की मूल त्या जन्मभर विसरणार नाही.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहरातून वळणे घेत जाते आणि ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. ऑगस्ट २०२४ मधील तिचा पूर आपल्या अनेकांच्या घरांनी अनुभवला आहे. त्या वेळी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, शेजाऱ्यांकडे कुठवर आले, हे मुलांनी विचारून नकाशावर मांडावे. कोणती गल्ली उंच, कोणती सखल, हे त्यातून आपोआप कळते. उद्या उपयोगी पडणारा भूगोल तो हाच.

इतिहासासाठी घरची वंशावळ काढावी. आपले घराणे येथे केव्हा व कशासाठी आले? कोणी गायकवाडी राज्याच्या चाकरीत आले, कोणी रेल्वेत, कोणी १९६० नंतर खत कारखाना किंवा कोयलीची रिफायनरी उभी राहिली तेव्हा. मुलांनी आजी-आजोबांना प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. ऐकणारे कोणी नाही म्हणून किती तरी आठवणी आपल्या घरांतून नाहीशा होत आहेत.

भाषेचा प्रश्न

आता ज्या विषयाची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, त्याकडे वळतो. आपली बहुतेक मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यात वावगे काही नाही. ज्या भूमीत राहतो तिची भाषा उत्तम आलीच पाहिजे. परंतु अशा मुलाला मराठी शिकविणारी एकच शाळा उरते, ती म्हणजे घर. गणितात घर कमी पडले तर शाळा सावरून घेते. मराठीत घर कमी पडले तर सावरून घेणारे कोणी नाही.

माझी नात एकदा रत्नागिरीच्या पणजीला फोनवर म्हणाली, “पणजी, तू जमलीस का?” म्हाताऱ्या बाईंना अर्थ लागेना. गुजरातीत ‘जमवुं’ म्हणजे जेवणे, मराठीत ‘जमणे’ म्हणजे साधणे किंवा गोळा होणे. आम्ही सारे हसलो आणि पोर रडवेली झाली; पुन्हा काही दिवस ती पणजीशी बोलेना. हसणे ही आमची चूक होती. मग आम्ही ‘जुळ्या शब्दांची वही’ सुरू केली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. पाणी, घर, भात दोन्हीकडे सारखेच. ‘चोखा’ मात्र गुजरातीत तांदूळ आणि मराठीत शुद्ध. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा माणूस, आणि मराठीत नवरा म्हणजे काय, हे सांगताच घरातील बायकांना जो आनंद झाला तो येथे लिहिण्याची गरज नाही! जी चूक लाजेची वाटत होती, तीच खेळ झाली.

लिपीचेही असेच आहे. डोक्यावरची रेघ काढली की ग, घ, त, न, म ही आपली अक्षरे गुजरातीत ओळखू येतात. ख, च, ज, ब ही मात्र वेगळी आहेत. गुजराती वाचणाऱ्या मुलाला देवनागरी शिकणे म्हणूनच जड नाही. रोज रात्री दहा मिनिटे मोठ्याने मराठी वाचन, आठवड्याला एक गोष्ट ऐकणे आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या शब्दांत सांगणे, महिन्याला नातेवाइकास एक पोस्टकार्ड, एवढा नेम पुरे.

काही पथ्ये

पहिले पथ्य असे, की या कामाला रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये. उत्तर चुकले तर लगेच दुरुस्त न करता “कसे काढलेस?” असे विचारावे. परीक्षा घेतल्याचा सूर आला, की खेळ संपला असे समजावे. चूल, सुरी व विजेच्या उपकरणांजवळ मुलाला एकटे सोडू नये. आणि हे सारे आईच्याच माथी मारू नये. बाजार, प्रवास आणि नकाशा ही कामे वडिलांनी आपणहून उचलावीत. मुलगा आणि मुलगी असा भेद तर मुळीच करू नये : कणीक मुलानेही मोजावी आणि मुलीनेही पतंग बांधावा. उत्तरायणाचा पतंग आणि दिवाळीतला मातीचा किल्ला, या दोहोंत हस्तकला तर आहेच, शिवाय वाऱ्याचे शास्त्र आणि शिवकालाचा इतिहासही आहे. बडोद्याच्या मराठी मुलाचे भाग्य असे, की त्याला दोन्ही मिळतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा घरालाच शाळा व्हावे लागले, आणि पुष्कळ घरे त्या वेळी गोंधळून गेली. मूल दिवसभर पडद्यासमोर बसे आणि शेजारी स्वयंपाकघरात, अंगणात, आजीच्या खाटेपाशी शिकण्यासारखे सारे तसेच पडून असे. तो प्रसंग गेला. त्यातला धडा मात्र ठेवावा.

माझी नात आता पाचवीत आहे. गेल्या महिन्यात तिने पणजीला पोस्टकार्ड लिहिले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. मी एकही दुरुस्त न करता ते पेटीत टाकले. पणजीबाईंनी ते शेजारणींना वाचून दाखविले, असे नंतर कळले. आपल्या प्रत्येक घरातून असे एक तरी पत्र जावे, एवढीच या महोत्सवाच्या शुभप्रसंगी वाचकांस विनंती आहे.