'माखार' : बायबलमधील विक्री आणि तिच्या मर्यादा

हिब्रू बायबलमध्ये विकण्याच्या व्यवहारासाठी सर्वसाधारणपणे म-क-र या धातूचे 'माखार' हे क्रियापद येते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल यहुद्यांसाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले आणि पुढे पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून बायबल मराठीत आणले, त्यामुळे या भाषेच्या अभ्यासाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे.

योसेफ चांदीच्या २० तुकड्यांना विकला जातो, एसाव एका जेवणापायी ज्येष्ठत्वाचा हक्क विकतो. या दोन्ही ठिकाणी मोबदला स्पष्ट आहे. 'शास्ते' या ग्रंथात मात्र देव आपल्या लोकांना शत्रूंच्या हाती 'विकतो' आणि तेथे किंमत घेतल्याचा उल्लेखही नाही. यावरून आपल्या अधिकारातील वस्तू वा व्यक्ती दुसऱ्याच्या अधिकारात देणे हा या क्रियापदाचा गाभा ठरतो. त्याच्या आत्मवाचक रूपाने, म्हणजे कर्त्याची क्रिया स्वतःवरच होते असे दाखवणाऱ्या रूपाने, राजा अहाब दुष्कर्मासाठी स्वतःलाच विकून बसल्याचे सांगितले आहे.

सर्वांत विचार करायला लावणारा वापर 'लेवीय' या ग्रंथाच्या २५व्या अध्यायात आहे. जमीन देवाची असून माणसे तिच्यावर केवळ उपरी व कुळे आहेत, म्हणून ती कायमची विकता येत नाही. दर ५०व्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परतते आणि तोवर जितकी पिके निघतील त्यांच्या संख्येवर किंमत ठरते, म्हणजे खरे पाहता पिकेच विकली जातात. बेगडेवाडीपासून लोणावळ्यापर्यंत मावळात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या वाचकाला येथे सातबाऱ्यावरील 'भोगवटादार वर्ग २' आठवेल, कारण त्या जमिनीचा धारकही पूर्ण मालक नसतो आणि परवानगीवाचून ती विकू शकत नाही. तटबंदीच्या नगरातील घर मात्र वर्षभरात सोडवले नाही, तर घेणाऱ्याचे कायमचे होते. शेतजमीन हाच कुटुंबाच्या जगण्याचा आधार असल्याने हा भेद न्याय्य वाटतो.

गरिबीमुळे स्वतःला विकणाऱ्या इस्रायली माणसालाही त्याच अध्यायात गुलामासारखे राबवण्यास मनाई आहे, आणि संदेष्टा आमोस चांदीसाठी नीतिमानाला व जोड्यांच्या एका जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांना दोषी ठरवतो, तेव्हा तोही हेच क्रियापद वापरतो.